छप्पर बांधून ठेवण्याचं काम

वादळ येऊन गेल्यावर एखाद्या घराची पाहणी करायला गेले की उडालेला पत्रा मी शेवटी बघते. आधी बघते भिंतीचा माथा. वासा जिथे टेकला होता तिथे काय उरलंय? नुसती रिकामी खाच आणि दोन वाकलेले खिळे दिसले, तर बाकीचं न बघताही कळतं. बऱ्याचदा पत्रा शाबूत असतो. अख्खं पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, वाशांसकट आणि त्यांच्यावरच्या आडव्या पट्ट्यांसकट, म्हणजे रिपांसकट, उचललं जाऊन पलीकडच्या आवारात पडलेलं असतं आणि पत्र्याचे स्क्रू जागच्या जागी घट्ट असतात. पत्रा बसवणाऱ्याने त्याचं काम चोख केलेलं असतं. वासा भिंतीला आणि भिंत पायाला बांधायचं काम मात्र कुणी आपलं मानलेलं नसतं.

अशा घरांची पाहणी करून दुरुस्तीचा आराखडा काढून देणं हा माझा व्यवसाय. यंदा वादळांचा मोसम सुरू व्हायच्या आत आईबाबांच्या घराचं छप्पर हाती घेतलं. मूळ घर दुपाखी, लाकडी वाशांचं, वर कौलं. मागे नंतर वाढवलेल्या दोन खोल्यांवर पत्रे, पुढे पडवी. म्हणजे वादळाच्या पट्ट्यात जे जे प्रश्न येतात, ते जवळपास सगळे एकाच घरात. काम चालू असताना ओळखीतले बरेच जण विचारत होते की नेमकं काय करताय, पत्रे जाड घेतलेत का, कौलं काढणार का. त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

पहिला प्रश्न बाबांचाच होता. "एवढी जड कौलं कशी उडतील गं?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो. त्याच्या निम्मे, म्हणजे ०.६, गुणिले वाऱ्याच्या वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा. आलेलं उत्तर म्हणजे दर चौरस मीटरवरचा वाऱ्याचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी ९० किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दाब ३७५ न्यूटन, ढोबळमानाने ३८ किलो वजनाइतका. आता वारा दुप्पट करा, ताशी १८० किलोमीटर. दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो: १५०० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास. कौलारू छप्पर लाकडासकट चौरस मीटरला पन्नासेक किलो भरतं. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा भरतो जेमतेम चार-पाच किलो. ताशी ९० च्या वाऱ्यात कौलं आपल्या वजनाने टिकतात, आणि त्यावरूनच "जड छप्पर उडत नाही" हा अनुभव घराघरांत पक्का बसलेला असतो. ताशी १८० च्या झोतात तेच वजन गरजेच्या एक तृतीयांश उरतं.

हा दाब छपरावर वरून खाली पडत नाही, हे दुसरं समजून घ्यायला हवं. वारा भिंतीवर आदळतो, वर चढतो, वळचणीच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या खालच्या टोकाच्या, कडेवरून सुटतो आणि छपरावरून वेगाने वाहताना त्याला वर ओढून घेतो. कमी उताराच्या छपराला ही ओढ दोन्ही पाख्यांवर बसते. उतार ३० अंशांच्या जवळ गेला की समोरच्या पाख्यावरची ओढ बरीच घटते, आडोशाकडच्या पाख्यावर मात्र ती राहतेच. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे कोपरे, वळचणीची कडा, आढ्याच्या (दोन पाखी जिथे वर मिळतात त्या माथ्याच्या) दोन्ही बाजू आणि दुपाखी घराची त्रिकोणी टोकं. तिथे वाऱ्याचे भोवरे तयार होतात आणि ओढ मधल्या भागाच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होते. म्हणून छप्पर उडायला सुरुवात जवळजवळ नेहमी कोपऱ्यातून होते. एक पत्रा सुटला की वारा आत शिरतो आणि पुढचे पत्रे खालूनही ढकलले जातात.

आत शिरणाऱ्या वाऱ्याबद्दल मी जरा जास्तच बोलते, असं घरचे म्हणतात. पण छप्पर वाचवायचं तर दारं-खिडक्यांबद्दल बोलावंच लागतं. वाऱ्याच्या बाजूची एक मोठी खिडकी फुटली, किंवा गाडीखान्याचं शटर आत वाकून निघालं, की घर फुग्यासारखं आतून भरतं. बाहेरून वर ओढ, आतून वर दाब. छपरावरचा एकूण जोर जवळपास दुप्पट होतो. वादळात दाब समान राहावा म्हणून खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात, असं अजूनही सांगितलं जातं. कृपा करून तसं करू नका. सगळं बंद हवं, आणि वाऱ्याला तोंड देणाऱ्या मोठ्या खिडक्यांना बाहेरून झडपा किंवा आधीच मापाने कापून, नंबर घालून ठेवलेलं प्लायवूड हवं. वादळाचा इशारा आल्यावर प्लायवूड कापायला वेळ नसतो. बोल्टची भोकं भिंतीत आधीच करून ठेवलेली असली तर दोन माणसं सगळं घर बंद करू शकतात.

आता कामाकडे येते.

मिस्त्री जुने, हात उत्तम. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ताई, वासा कुठे जातोय? दोन खिळे आहेत, वर एवढं वजन आहे." मी वाद घातला नाही. एक जुना वासा खाली काढलेला होता, त्यात त्यांनाच एक खिळा ठोकायला सांगितला आणि तोच पकडीने सरळ ओढून काढायला सांगितला. निघाला. मग तसाच दुसरा खिळा एक लोखंडी पट्टी धरून ठोकला आणि पट्टी आडवी ओढायला सांगितली. लाकूड चिरेपर्यंत तो खिळा हलला नाही. सगळ्या कामाचं मर्म या एवढ्याशा प्रयोगात आहे. खिळा ज्या दिशेने ठोकला त्याच दिशेने ओढला तर सरकत बाहेर येतो. त्याच्या अंगावर आडवा जोर आला तर तो धरतो. वासा वरून तिरका खिळा मारून भिंतीवरच्या लाकडाला जोडला, तर वादळ त्या खिळ्याला त्याच्याच दिशेने ओढतं. जस्त चढवलेली पोलादी पट्टी वाशावरून घेऊन दोन्ही अंगांनी खाली आणली आणि बाजूने खिळे मारले, तर तेच खिळे, तेच लाकूड, पण पकड कित्येक पट वाढते. मिस्त्रींनी नंतर प्रत्येक वाशाची पट्टी स्वतः तपासली. पोरांच्या हाती सोडली नाही.

पट्टी साध्या लोखंडाची, रंग लावून चालत नाही. खाऱ्या हवेत तर ती थोड्याच काळात पापुद्रे टाकून मोकळी होते, आणि ती छताआड असल्यामुळे कुणाला कळतही नाही. उकळत्या जस्तात बुडवून काढलेली हवी, समुद्र अगदी जवळ असेल तर स्टेनलेस. खिळे आणि स्क्रूही त्याच जातीचे. स्टेनलेसच्या पट्टीला साधे खिळे मारले तर खिळे आधी खाल्ले जातात. वाळवी लागू नये म्हणून तांब्याचं क्षारयुक्त औषध पाजलेलं लाकूड वापरत असाल तर ही काळजी दुप्पट घ्या, कारण ते औषध पातळ जस्त फार लवकर खातं.

वासा भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला बांधला. पण ते लाकूड कशाला बांधलंय? इथे बहुतेक दुरुस्त्या थांबतात, आणि इथेच थांबायचं नसतं. वाऱ्याने वर ओढलेला जोर पत्र्यातून रिपेत, रिपेतून वाशात, वाशातून भिंतीत आणि भिंतीतून पायात उतरला पाहिजे. वाटेत कुठेही जोड नुसता टेकलेला असेल तर छप्पर तिथून सुटणार.

भिंत किती धरते, त्याचाही हिशेब करता येतो. समजा दोन भिंतींमधलं अंतर ४ मीटर आहे. प्रत्येक भिंतीच्या वाट्याला २ मीटर छप्पर आलं. चौरस मीटरला १५० किलोच्या ओढीने भिंतीच्या दर मीटर लांबीला ३०० किलोचा जोर वर खेचतो. पत्र्याचं छप्पर लाकडासकट २० किलो धरलं तर त्यातले ४० वजा. उरले २६०. खिडकी फुटली तर ओढ ६०० वर जाते, वजा ४०, म्हणजे ५६०. आता नऊ इंची विटांची भिंत, एक मीटर लांब आणि एक मीटर उंच, तिचं वजन साधारण ४४० किलो. याचा अर्थ माथ्याकडून किमान सव्वा मीटर खोलपर्यंतची भिंत छपराबरोबर बांधलेली हवी, आणि त्यावर सुरक्षिततेसाठी आणखी. वरच्या एका थरात सिमेंटमध्ये खोचलेला बोल्ट फक्त त्या थराला धरून असतो. वादळानंतर मी वासा, आडवं लाकूड, बोल्ट आणि बोल्टला चिकटलेल्या चार विटा असा जोडगोळा जमिनीवर पडलेला कितीदा तरी पाहिला आहे.

नव्या घरात हे सोपं आहे. पायातूनच उभ्या सळ्या कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या दोन्ही अंगांना वर आणायच्या, भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घालायचा, त्यात सळ्या गुंतवायच्या आणि त्याच पट्ट्यातून बोल्ट वर काढायचे. उभ्या भिंतींच्या जुन्या घरात खटाटोप जास्त. आम्ही कोपऱ्यांत भिंतीला उभी खाच पाडली, जोत्यापर्यंत सळई उतरवली, तळाशी काँक्रीटमध्ये पक्की केली आणि खाच भरून घेतली. मधल्या भिंतींवर आतून आणि बाहेरून समोरासमोर पोलादी पट्ट्या लावून भिंतीतून आरपार बोल्ट घेतले, मग वरून गिलावा. आईला भिंती फोडण्याचा त्रास झाला, धूळ अगदी कपाटांच्या आतपर्यंत गेली. पण सगळ्या कामात एकच गोष्ट करता येणार असती तर मी हीच केली असती.

कोपऱ्यांना तिरके ताण देण्याचं कामही याच वेळी उरकून घ्या. वासे आढ्यापासून वळचणीपर्यंत उभे समांतर असतात, त्यांना एकमेकांशी तिरकं बांधणारं काही नसेल तर उभ्या केलेल्या खेळाच्या पत्त्यांसारखे सगळे एकदम एका बाजूला कलंडू शकतात. दुपाखी घराच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती तर फार एकट्या असतात. खाली खोलीच्या आडव्या भिंतींचा आधार, वर मात्र काहीच नाही, आणि वारा थेट अंगावर. त्यांच्या माथ्यावर तिरका काँक्रीटचा पट्टा आणि आतून दोन-तीन वाशांपर्यंत जाणारे आडवे टेकू हवेत. नवं घर बांधणाऱ्यांना मी चौपाखी छप्पर सुचवते. चारही बाजूंना उतार असला की त्रिकोणी भिंतच उरत नाही आणि कडांची ओढही कमी होते. लाकूडकाम थोडं किचकट, कोनवाशांना चांगला सुतार लागतो, तरीही.

पत्र्यांबद्दल सगळ्यांनाच विचारायचं असतं, त्यामुळे थोडं मागे जाऊन सांगते. २५ डिसेंबर १९७४ च्या पहाटे ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी नावाचं चक्रीवादळ आलं. विमानतळावरचं वेगमापक बंद पडण्याआधी त्यावर ताशी २१७ किलोमीटरची नोंद झाली होती. शहरातली बहुतांश घरं उद्ध्वस्त झाली. तपासणी करणाऱ्यांना पत्र्यांमध्ये जे सापडलं ते महत्त्वाचं आहे. पत्रे एका झटक्यात फाटले नव्हते. वारा झोतांनी येतो. प्रत्येक झोताला पत्रा स्क्रूभोवती थोडा वर जातो, पुन्हा खाली बसतो. हजारो वेळा असं झालं की स्क्रूच्या डोक्याभोवती पत्र्याला बारीक तडे जातात, तडे एकमेकांना भेटतात आणि पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटतो. स्क्रू रिपेत तसाच उभा. एकदाच जोर लावून घेतलेल्या चाचणीत तो पत्रा पास झाला असता. त्यानंतर पत्र्यांची चाचणी पुन्हापुन्हा जोर देऊन घ्यायची पद्धत आली आणि १९७७ मध्ये टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात खास चक्रीवादळांतल्या घरांच्या अभ्यासासाठी चाचणी केंद्र सुरू झालं. स्क्रूखाली पत्र्याच्या नागमोडी आकाराला बसणारा मोठा धातूचा वॉशर घालण्याची रीतही त्याच अनुभवातून रुजली.

म्हणून तुमचं छप्पर एका वादळातून सुखरूप निघालं तरी शिडी लावून वर बघा. स्क्रूची भोकं गोल आहेत की लांबट झाली आहेत? डोक्याभोवती केसासारखे तडे आहेत? खिळे थोडे वर आलेत आणि त्यांचा बाहेर आलेला भाग चकचकीत दिसतोय? चकचकीत म्हणजे तो नुकताच सरकलाय. असा पत्रा पुढच्या वादळात टिकणार नाही. त्याला डांबर फासून किंवा भोकाशेजारी आणखी एक भोक पाडून भागवू नका, तो पत्रा बदला.

मागच्या खोल्यांवरचे जुने पत्रे छत्री खिळ्यांनी ठोकलेले होते. ते सगळे काढले. आता रबरी वॉशरचे स्क्रू, त्याखाली मोठा वॉशर. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर घेतला, पन्हळीत नाही, कारण पाणी पन्हळीतून वाहतं. स्क्रू किती आवळायचा, यावर पोरांशी रोज बोलणं होई. रबर थोडं दबून कडेला समान दिसलं की थांबायचं. रबर बाहेर पिळून आलं, किंवा उंचवटा खाली दबला, तर पाणी तिथूनच आत येणार. मधल्या भागात एक उंचवटा सोडून एक स्क्रू, आणि वळचण, आढं, त्रिकोणी टोकं, कोपरे इथे प्रत्येक उंचवट्यावर. कडांजवळ रिपाही दाट घेतल्या. पत्र्याचा शेजारच्या पत्र्यावरचा चढाव वाऱ्याच्या उलट बाजूला तोंड करून, म्हणजे आडोशाकडून सुरुवात करून वाऱ्याकडे यायचं. पत्रा जाड घ्यावा का? घ्या, अर्धा मिलिमीटर बरा, फार पातळ पत्रा स्क्रूभोवती लवकर फाटतो. पण जाड पत्र्यासाठी पट्ट्या वाचवू नका.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टस असण्याची शक्यता असते. ते कापू, घासू, कोरडे भोक पाडू नका. ओले करून, न फोडता, तोंड नीट झाकून, जाणकार माणसांकडून काढून घ्या. आणि त्यांच्यावर पाय देऊ नका. आडवी फळी टाकल्याशिवाय अशा छपरावर चढलेली माणसं पत्रा तुटून खाली पडलेली आहेत.

कौलांचं काम वेळखाऊ, पण मला फार आवडलं. कौल नुसतं रिपेवर अडकवलेलं असतं. वळचणीच्या खालच्या ओळी, त्रिकोणी टोकांलगतच्या ओळी आणि आढ्याच्या दोन्ही बाजूंच्या ओळी, इतकं तरी प्रत्येक कौल तारेने किंवा चिमट्याने रिपेला बांधलं पाहिजे. आम्ही सगळीच बांधली. कौलाच्या मागच्या बाजूला तारेसाठी भोक असलेलं अंग असतं, ते बहुतेक घरांत कधी वापरलेलंच नसतं. आढ्यावरची कौलं सिमेंटच्या मालात बसवली की पक्की झाली असं वाटतं. तो माल उन्हातान्हात तडकतो आणि कौल त्यावर नुसतं ठेवल्यासारखं राहतं. त्यांना खालच्या लाकडापर्यंत जाणारा स्क्रू किंवा तार हवीच.

तरीही एखादं कौल किंवा पत्रा जाईल, हे धरून चालावं. घरातल्या नुकसानाचा मोठा भाग वाऱ्याने होत नाही, त्यानंतर तासन्‌तास आत पडणाऱ्या पावसाने होतो. म्हणून कौलांखाली दुसरा थर घातला: वाशांवर तक्तपोशी, म्हणजे सलग ठोकलेल्या लाकडी फळ्या, तिच्या फळ्यांच्या सांध्यांवर चिकटणारी डांबरी पट्टी आणि वर पाणी न धरणारी चादर. कौल गेलं तरी पाणी या थरावरून वळचणीपर्यंत वाहून जातं. तक्तपोशी वाशांना कशी ठोकली जाते यावरही बरंच अवलंबून असतं. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिकेत दक्षिण फ्लोरिडावर आलेल्या अँड्र्यू वादळात, छपराच्या फळ्या पुरेशा न ठोकलेल्या आणि कित्येक ठिकाणी मारलेले स्टेपल खालच्या लाकडात शिरलेलेच नव्हते, असं उघड झालं. ते वरून दिसत नव्हतं, कारण वर आच्छादन घातलेलं होतं. पुढे तिथले बांधकामाचे नियम कडक झाले आणि मार्च २००२ पासून सगळ्या फ्लोरिडा राज्यात एकच संहिता लागू झाली. आम्ही अंगावर आडवे कंगोरे असलेले खिळे वापरले. गुळगुळीत खिळ्यापेक्षा ते कितीतरी जास्त धरतात. आणि आच्छादन घालायच्या आधी मी वाशांखाली उभी राहून प्रत्येक ओळ बघितली. फळीतून आलेलं टोक वाशाशेजारी उघडं दिसलं, की तो खिळा चुकला. खडूने खूण, वरून पुन्हा खिळा. तुमच्या घराचं काम चालू असेल तर हे एवढं स्वतः बघा. त्याला शिक्षण लागत नाही, विजेरी लागते.

पडवीचा निर्णय घरात कुणाला पटला नव्हता. मूळ छपराचे वासेच पुढे लांबवून पडवी काढलेली होती. दिसायला छान, सलग उतार. पण पडवी तीन बाजूंनी उघडी. वारा खालून थेट वर ढकलतो आणि पडवी जाताना घराचं छप्परही उपसून नेते. वासे भिंतीपाशी कापले, वळचण हातभर ठेवली आणि पडवीला स्वतःचं, थोडं खालच्या पातळीवर वेगळं छप्पर दिलं, स्वतःच्या खांबांवर, खांब काँक्रीटमध्ये रोवलेले. ती गेलीच तर एकटी जाईल. बाबा आठवडाभर तिथे खुर्ची टाकून बसले नाहीत. आता बसतात.

ज्यांच्या डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे, त्यांचं छप्पर उडणार नाही, खरं आहे. पण स्लॅबवर नंतर उभारलेली पत्र्याची शेड चार खांबांना चार बोल्ट मारून उभी असते आणि ती वरच्या उंचीवर, जास्त वाऱ्यात असते. सौर पॅनेल तिरके, खालून उघडे. त्यांचे चौकट स्लॅबमध्ये बोल्टने धरलेले हवेत, नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलेले नकोत. पाण्याची प्लास्टिकची टाकी रिकामी असली की उडते. वादळाच्या आदल्या दिवशी ती काठोकाठ भरा आणि बांधा.

पत्र्यावर दगड, टायर, वाळूच्या गोण्या ठेवण्याबद्दल माझं मत कडक आहे. दीडशे किलोच्या ओढीपुढे अधूनमधून ठेवलेल्या गोण्यांनी काहीही होत नाही, आणि दगड मात्र शेजाऱ्याच्या खिडकीतून आत जातो. पक्कं काम करायला वेळ किंवा पैसा नसेल, तर छपरावरून जाड दोर किंवा मजबूत जाळं टाकून ते जमिनीत खोल रोवलेल्या खुंट्यांना दोन्ही बाजूंनी ताणून बांधा. पत्र्याच्या घराला याने खरंच आधार मिळतो.

वादळ शमल्यावर घाईने वर चढू नका. मध्येच वारा एकदम पडला तर ते वादळाचं केंद्र डोक्यावर असू शकतं. थोड्या वेळाने तितकाच वारा उलट दिशेने येतो, आणि पहिल्या वाऱ्यात सैल झालेली बाजू आता त्याच्या तोंडी असते. सगळं खरोखर संपल्यावर आधी वीज मुख्य बटणापासून बंद करा, तारा लोंबत नाहीत ना ते बघा, काही हलवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. विमा असेल तर ते लागतात, आणि नसला तरी कुठला जोड सुटला हे त्या फोटोंतूनच नीट कळतं. ताडपत्री टाकायची तर ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर गेली पाहिजे, म्हणजे तिच्या वरच्या कडेखाली पाणी शिरत नाही. कडा लाकडी पट्टीला दोन वेढे देऊन ती पट्टी वाशांना स्क्रूने धरा. दगड ठेवून धरलेली ताडपत्री पहिल्या सरीत उडते.

पैसे थोडे आणि काम मोठं, अशीच बहुतेकांची स्थिती असते. अशा वेळी मी हाच क्रम सांगते: आधी वासे भिंतीला आणि भिंत खाली बांधा. मग कडांचे आणि कोपऱ्यांचे स्क्रू. मग खिडक्यांच्या झडपा. नवे पत्रे, नवा रंग त्यानंतर. ठेकेदाराशी बोलताना "मजबूत करून द्या" असं सांगू नका, कारण त्याचं उत्तर "होईल" असंच असतं. विचारा: हा वासा कशाने धरलाय, ते मला दाखवा. ते लाकूड कशाने धरलंय? ती सळई कुठपर्यंत गेलीय? आणि वर आच्छादन पडायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो मागा.

आमच्याकडे आता गाडीखान्याचं शटर तेवढं बाकी आहे. मधे उभा काढता येणारा पोलादी खांब बसवायचाय, खाली फरशीत खोबण आणि वर तुळईला बोल्ट, म्हणजे वादळाआधी तो लावला की शटर आत वाकणार नाही. मिस्त्री माप घेऊन गेलेत.